इंग्रजी वाक्प्रचारातले शब्द कळतात, पण अर्थ लागत नाही. अर्थ पाठ करावेत का?

पाठ करू नका. नुसता पाठ केलेला अर्थ ऐन वेळी दगा देतो. तो वाक्प्रचार कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हणतं ते धरून ठेवा.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि इंग्रजी आलं ते शाळेच्या पुस्तकातून. मकरपुऱ्याला एका कारखान्यात लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, रविवारी मालाची मोजणी आहे, तुला एकट्यालाच यायचंय. माझा चेहरा पडलेला बघून ते हसले. "आय वॉज पुलिंग युअर लेग!" मी आणखीच दुखावलो. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं, आणि हे तर ते तोंडावर सांगत होते. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. शेवटी हिशेब बघणाऱ्या काकांनी जवळ बसवून सांगितलं, "अरे, फिरकी घेत होते ते तुझी."

त्या एका 'फिरकी'ने सगळं लख्ख झालं. पाय तोच, ओढणंही तेच, पण इंग्रजीत त्यात थट्टा आहे आणि मराठीत असूया. 'कोल्ड फीट'चंही तसंच. आपले हातपाय गार पडतात ते भीतीने. इंग्रजीत ऐन वेळी कच खाल्ली की म्हणतात.

'वन्स इन अ ब्लू मून', म्हणजे अगदी क्वचित, हा वाक्प्रचार मला फार आवडतो. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. ही व्याख्या अमेरिकेतल्या एका खगोल मासिकात १९४६ साली झालेल्या चुकीतून रूढ झाली. 'क्वचित' हा अर्थ त्याच्या कितीतरी आधीचा. असा योग सरासरी पावणेतीन वर्षांनी येतो. आपला अधिक महिनाही जवळपास तेवढ्याच अंतराने येतो आणि मूळ कारणही एकच: बारा चांद्रमास सौरवर्षाला सुमारे ११ दिवस कमी पडतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, आणि ऑगस्टात ब्लू मूनही.

पण म्हणून 'ब्लू मून'च्या जागी मराठीत तेरावा महिना घालू नका, तो आपल्याकडे दुष्काळात येतो! तिथे हवं 'उंबराचं फूल'. उंबराची फुलं फळाच्या आत असतात, म्हणून दिसत नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी उगवणाऱ्या भाच्याला माझी आजी दारातच म्हणायची, "काय रे, उंबराचं फूल झालास की!" 'ही कॉल्स मी वन्स इन अ ब्लू मून' म्हणणाऱ्या आईच्या मनातही तोच रुसवा असतो.

'क्रोकोडाइल टिअर्स' सोपं, ते नक्राश्रू होऊन मराठीत रुळलंय. आमच्या विश्वामित्रीत भर शहरात मगरी आहेत, पुराच्या वेळी रस्त्यावरही येतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं ते डोळे ओले राहावेत म्हणून. भक्ष्य खाताना मगर रडते, ही युरोपातली जुनी समजूत.

एक वही करा. डावीकडे ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा, नुसता वाक्प्रचार नको. उजवीकडे त्याच जागी तुमची आई काय म्हणाली असती ते. माझ्या वहीत 'आय अ‍ॅम अ बिट अंडर द वेदर'समोर लिहिलंय: "अंगात जरा कसर आहे रे."