तोल सावरण्यासाठी आभासी खेळ

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. आम्ही ऐरोलीत राहतो. जिना उतरताना तो कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवल्याशिवाय पुढची पायरी उतरत नाही. स्टेशनच्या पुलावर गर्दी असली, तर मधेच खाली बसतो. एका थेरपी केंद्राने डोळ्यांवर लावायच्या व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे संगणकाने उभे केलेले आभासी जग) चष्म्याची चोवीस सत्रे सुचवली असून सगळे पैसे आगाऊ मागितले आहेत. याने त्याचा तोल खरोखर सुधारेल का? चष्मा सुरक्षित आहे का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, जिन्याचे इतके नेमके वर्णन तुम्ही केलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

डोळे, अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि तळपाय-सांध्यांतून येणारी जाणीव, या तिन्हींचा मेळ मेंदू क्षणोक्षणी घालत असतो, म्हणून आपण तोल सावरू शकतो. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांमध्ये हा मेळ कच्चा राहतो. अमेरिकेतील डॉ. नॅन्सी मिन्शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ५ ते ५२ वर्षे वयाच्या ७९ ऑटिस्टिक व्यक्तींचा तोल तपासला, तेव्हा तो उशिरा विकसित होतो आणि प्रौढपणीही पूर्ण पातळी गाठत नाही, असे त्यांना आढळले. पायांकडून मिळणारी माहिती मुद्दाम बेभरवशाची केल्यावर ही उणीव विशेष जाणवली. पायांचा भरवसा नसलेले मूल पायरीकडे टक लावून उतरते, आणि गर्दीत पायरीच दिसेनाशी झाली की थांबते. तुमचा मुलगा पुलावर खाली बसतो, तो बहुधा हट्ट नसून पडू नये म्हणून त्याने स्वतः शोधलेला उपाय असावा. कृपया त्यासाठी त्याला रागावू नका.

आता व्हीआरविषयी. एका प्रकारात मूल पडद्यासमोर मोकळे उभे राहते आणि कॅमेरा किंवा पायाखालची फळी त्याच्या हालचाली टिपते. दुसऱ्यात चष्म्यामुळे आजूबाजूचे जग पूर्ण झाकले जाते. तुमच्या मुलासाठी मी पहिलाच प्रकार सुचवेन. मेटा कंपनीने २०२३ मध्ये आपल्या चष्म्यासाठीचे किमान वय १३ वरून १० वर आणले, पण तुमचा मुलगा त्याहूनही लहान आहे. शिवाय चष्म्यात डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या नलिकांना ती जाणवत नाही, त्यामुळे मळमळते. ज्याचा मेळ मुळातच कच्चा, त्याच्यावर हा आणखी एक गोंधळ कशाला? ऑटिझममध्ये फिट्सचे प्रमाणही अधिक असते. त्याला कधी फिट आली असेल, तर कोणताही लुकलुकणारा खेळ सुरू करण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा.

पडद्यासमोरच्या खेळाचे बळ वेगळेच आहे. माझ्याकडे ठाण्यात येणारी एक मुलगी सांगून कधी एका पायावर उभी राहत नसे. पडद्यावरचा मासा पकडण्यासाठी मात्र ती डाव्या पायावर भार टाकून, उजवी टाच उचलून, हात लांबवून तशीच थबकली. खेळ दर वेळी तोच असतो, चुकले तरी कोणी आवाज चढवत नाही आणि केलेल्या हालचालीचे फळ लगेच दिसते. या मुलांना हे फार मानवते, आणि तोल शेवटी सरावानेच येतो.

मात्र या विषयावरील बहुतेक अभ्यास मोजक्या मुलांवर आणि थोड्या आठवड्यांपुरते झालेले आहेत. पडद्यासमोर वाढलेले गुण जिन्यावर आपोआप उतरत नाहीत, असे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून प्रत्येक सत्राची शेवटची दहा मिनिटे खऱ्या पायऱ्यांवरच घालवावीत, असा आग्रह धरा, आणि त्या वेळी थेरपिस्ट मुलाच्या एक पायरी खाली उभा असावा. सुरुवातीलाच त्याचे जिना उतरतानाचे चित्रीकरण करून ठेवा आणि तो प्रत्येक पायावर किती सेकंद उभा राहतो ते लिहा. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच करा. फरक नसेल, तर पुढची सत्रे घेऊ नयेत. चोवीस सत्रांचे पैसे आगाऊ देण्याचे तर काहीच कारण नाही. घरी ठिकरी खेळा, तुमचा हात धरून लंगडी घालू द्या.

वाशीत नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करावी. मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र झाले असल्यास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात नाव नोंदवा. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या या विम्यात थेरपीच्या खर्चाचीही तरतूद आहे.