बंपरचे टवके, बंपरचे पोपडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

(गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्मी बंपरच्या रंगाबद्दल होती. त्यातली निवडक एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : पांढरी हॅचबॅक आहे, सहा वर्षं झाली. रस्त्याचं काम चालू असल्यामुळे गिट्टी उडून पुढच्या बंपरवर तीस-चाळीस बारीक टवके पडलेत. आत काळं दिसतं. गॅरेजवाला पूर्ण बंपर रंगवायला सांगतो. कमी पैशात काय होईल? गंज चढेल का? (परभणी)

गंज चढणार नाही, कारण बंपर प्लॅस्टिकचा असतो. टवका पत्र्याच्या बॉनेटवर असता तर घाई करा म्हटलं असतं. बंपरच्या टवक्याला सहा महिने लावले तरी चालतं, त्यामुळे सवडीने आणि नीट करा.

आधी टवका किती खोल आहे ते बघा. आतलं काळं म्हणजे प्लॅस्टिक असेलच असं नाही, काही गाड्यांचा प्रायमरही (रंगाखालचा पहिला थर) गडद राखाडी असतो. सुईच्या टोकाने हलकं खरवडा. भुकटी निघाली तर प्रायमर, बारीक वळलेली साल निघाली तर प्लॅस्टिक. प्रायमर शाबूत असेल तर थेट रंग लावता येतो. प्लॅस्टिक उघडं पडलं असेल तर मध्ये एक पायरी वाढते. ती टाळली की रंग पहिल्या पावसाळ्यातच निघून येतो.

सामान असं : गाडीच्या रंग-कोडचा (तो कुठे सापडतो ते पुढे सिल्व्हरच्या प्रश्नात आहे) टच-अप रंग १० ते १५ मिली (चाळीस टवक्यांना २-३ मिलीच लागतो), तेवढाच क्लिअर (रंगावरचा पारदर्शक चकाकीचा थर), प्लॅस्टिक प्रायमरची सगळ्यात लहान बाटली किंवा कॅन, ८०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा कागद) एकेक, रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट), आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, टूथपिक. सगळं मिळून साधारण हजार-बाराशेत बसतं. अल्कोहोलऐवजी हातांचं सॅनिटायझर वापरू नका. त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं आणि त्यावर रंग धरत नाही.

बंपर शाम्पूने धुवा. डांबराचे ठिपके रॉकेलच्या फडक्याने काढा आणि पुन्हा शाम्पूने धुवा. वाळल्यावर प्रत्येक टवक्यावर पॅकिंगची चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. सुटायला आलेला रंग तिच्यासोबत निघतो. यामुळे टवका थोडा मोठा होतो, होऊ द्या. सैल कडेवर लावलेला रंग त्या कडेसकट पडतो. मग ८०० च्या पेपरचा वाटाण्याएवढा तुकडा पेन्सिलच्या मागच्या टोकाला चिकटवा आणि फक्त टवक्याच्या आत दोन-चार वेळा फिरवा. अल्कोहोलने पुसा. प्लॅस्टिक दिसतंय तिथे प्लॅस्टिक प्रायमरचा अगदी पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. कॅन असेल तर थोडा झाकणात फवारून काडीने लावा.

रंगाची बाटली दोन मिनिटं हलवा. बाटलीसोबत येणारा ब्रश बहुधा जाडा असतो, तो बाजूला ठेवा. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या, टवक्याच्या मधोमध टेकवा आणि त्याचा त्याला कडेपर्यंत पसरू द्या. एकाच वेळी खड्डा भरायचा मोह होतो आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. जाड थेंबाची वरची साय लवकर वाळते, थिनर आत अडकतो आणि तो ठिपका पंधरा दिवस मऊच राहतो. पेपर मारायला गेलात की उचकटून येतो. म्हणून तीन-चार पातळ थर, प्रत्येकात अर्धा ते एक तास. वाळताना रंग आकसतो, त्यामुळे शेवटी ठिपका आजूबाजूपेक्षा केसभर वर राहायला हवा. तासाभराने क्लिअरचे दोन थेंब.

आता आठवडाभर हात लावू नका. मग २००० चा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, खोडरबरावर गुंडाळून, फक्त ठिपक्यावर फिरवा. कंपनीच्या क्लिअरचा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. बंपरच्या धारेवर पेपर चार वेळा जास्त फिरला की खालचा रंग उघडा पडतो आणि टवक्यापेक्षा मोठं काम उभं राहतं. ठिपका सपाट झाला की कंपाउंड. एक मीटरवरून दिसला नाही म्हणजे काम जमलं, नाकाला टेकून बघाल तर दिसणारच.

पांढऱ्यासारख्या साध्या रंगावर कधी कधी वेगळा क्लिअर नसतो. पांढऱ्या रंगात ओळखायचं तर काळ्या फडक्यावर कंपाउंड घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर क्लिअर नाही, मग टच-अपवरही देऊ नका.

प्रश्न : गेटला घासून मागच्या बंपरचा तळहाताएवढा रंग गेला. पेपर मारून स्प्रे कॅनने रंग मारला, झकास दिसला. दोन महिन्यांत प्रेशरने गाडी धुतली तर पोपडेच्या पोपडे निघाले. रंग बोगस होता का? (लातूर)

रंग बहुधा ठीक होता, त्याच्या खालचं चुकलं. बंपरच्या आतल्या बाजूला बाणांसारख्या दोन खुणांमध्ये अक्षरं कोरलेली असतात. बहुतेक गाड्यांवर तिथे पीपी किंवा पीपी+ईपीडीएम असं दिसेल. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या डब्यांचं असतं तेच. त्या डब्यावर स्टिकर फार दिवस टिकत नाही, तसाच रंगही टिकत नाही, कारण या प्लॅस्टिकला मुळात काही चिकटतच नाही. त्यासाठी अॅडहेशन प्रमोटर लागतो. आपल्याकडच्या दुकानांत त्यालाच प्लॅस्टिक प्रायमर म्हणतात. पत्र्याचा राखाडी प्रायमर त्याची जागा घेत नाही. दुकानदाराने 'कुठलाही चालतो' म्हटलं तर दुसरं दुकान बघा.

दुसरा संशय पॉलिशचा. टायर आणि काळं प्लॅस्टिक चमकवायच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा अंश राहिला तर ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. तुम्हाला तसे दिसले होते का, आठवून बघा.

आता सगळं पुन्हा करावं लागेल. सुटलेला रंग चिकटपट्टीने जेवढा निघेल तेवढा काढा. अर्धवट धरलेल्या रंगावर नवा मारणं म्हणजे तेच पुन्हा. कडा ३२० च्या पेपरने उतरत्या करा, मग ४०० आणि ६००, सगळं ओलं आणि हलक्या हाताने. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. ८० किंवा १२० चा पेपर पीपीवर मारला तर प्लॅस्टिकला लव सुटते आणि ती रंगातून वर येते. तसं आधीच झालं असेल तर ६०० ने ओलं घासून ती बसवा.

खोल ओरखडे भरायला बंपरसाठीची लवचीक पुट्टी मागा. नेहमीची एनसी पुट्टी स्वस्त असते, पण बंपर दाबला की वाकतो आणि ती तडकते. शिवाय ती महिनाभर आकसत राहते, तेव्हा भरलेला ओरखडा पुन्हा दिसायला लागतो.

अल्कोहोलने पुसण्याआधी पाण्याची परीक्षा करा. पाणी सारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब गोळा होऊन घरंगळले तर तेलकटपणा बाकी आहे, पुन्हा शाम्पू.

मास्किंग टेप रंगाच्या हद्दीवर उलटी दुमडून लावा, म्हणजे कडेला रेघ उमटत नाही. प्लॅस्टिक प्रायमर एक हात, मग डब्यावरच्या वेळेत पुढचा थर. बेस रंग २० ते २५ सेंटिमीटरवरून. बोट बंपरच्या बाहेर असतानाच दाबायचं आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं, मध्ये थांबलात की ओघळ आलाच. पहिला हात धुक्यासारखा, खालचं दिसत राहिलं तरी चालेल. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. क्लिअर मात्र तेवढ्याच जागेवर मारू नका, बंपरच्या पुढच्या घडीपर्यंत किंवा जोडापर्यंत न्या. सपाट भागाच्या मध्येच संपवलेली क्लिअरची कड वर्षभरात पांढरी पडून सुटते. त्यासाठी तिथपर्यंतची जुनी चकाकी १००० च्या ओल्या पेपरने आधी मारून घ्यावी लागते.

हार्डनर मिसळलेला टू-के क्लिअर जास्त टिकतो, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं आणि कापडी मास्क किंवा एन-९५ त्याची वाफ अडवत नाही. घरी करू नका. एवढाच हात रंगाऱ्याकडून बूथमध्ये मारून घेता येतो, तयारी तुमची असली की तो मजुरीही कमी घेतो.

प्रश्न : सिल्व्हर गाडी. कोडप्रमाणे रंग आणला तरी ठिगळ लावल्यासारखं दिसतं. (जालना)

सिल्व्हर हा टच-अपला सगळ्यात अवघड रंग, हे आधीच मान्य करून चला. आरसीवर रंगाचं फक्त नाव असतं, कोड बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर सापडतो. मारुतीचा सिल्की सिल्व्हर झेड२एस, सुपिरिअर व्हाइट २६यू, अशा प्रकारचा. पण कोड जुळूनही छटा हलते. गाडी उन्हात उतरलेली असते. शिवाय बंपर बॉडीपासून वेगळा रंगवतात आणि प्लॅस्टिकला पत्र्याएवढी भट्टी देता येत नाही, त्यामुळे नव्या गाडीतही दोन्हींत थोडा फरक असतो.

तुमच्या हातातला भाग म्हणजे मारण्याची पद्धत. मेटॅलिक रंगातले कण कोरडा, लांबून मारलेला हात असेल तर वर राहतात आणि रंग उजळ दिसतो. ओला हात असेल तर कण खाली बसतात आणि रंग गडद होतो. जुन्या डब्याच्या झाकणावर दोन्ही प्रकारे मारा, वर क्लिअर द्या (क्लिअरशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही) आणि ते बंपरला लावून उन्हात, सावलीत आणि तिरक्या नजरेने बघा. ब्रशने लावलेले ठिपके गडदच दिसतील. बारीक टवक्याला चालतं, तळहाताएवढ्या जागेला नाही.

प्रश्न : मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हा केलं तर चालेल का? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. (बीड)

मे सोडून द्या. ४२ अंशांच्या उन्हात फवारा बंपरपर्यंत पोचायच्या आत निम्मा वाळतो आणि वाळूच्या पेपरसारखा खरखरीत बसतो. कॅन उन्हात ठेवणं तर धोक्याचंच. पावसाळ्यात उलटा त्रास. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरट धुरकट थर येतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, दव उडाल्यावर सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ उत्तम. फक्त शेजारून उसाच्या ट्रॉल्या जात असतील तर धुळीमुळे गाडी शेडमध्ये घ्या, जमिनीवर पाणी शिंपडा, पंखा बंद ठेवा. जवळ शेगडी किंवा पेटती उदबत्तीही नको.

बोअरच्या पाण्याने धुतलं तर शेवटचा हात पिण्याच्या फिल्टर पाण्याचा द्या, दोन लिटर पुरतात. क्षारांचे डाग रंगाखाली राहिले तर नंतर काढता येत नाहीत.

प्रश्न : टूथपेस्टने ओरखडे जातात म्हणतात, खरं का? (नांदेड)

टूथपेस्ट म्हणजे सौम्य कंपाउंड. नख अडकत नाही असा क्लिअरमधला ओरखडा थोडा फिका होतो. नख अडकलं तर रंगच लागतो. भिंतीचा चुना किंवा दुसऱ्या गाडीचा रंग चिकटला असेल तर रबिंग कंपाउंडने सहज निघतो. अनेकदा 'रंग गेला' वाटतं आणि प्रत्यक्षात चढलेला असतो, म्हणून खर्चाआधी हे करून बघा.

प्रश्न : बंपर रंगवायला विम्याचा क्लेम करावा का? (धाराशिव)

फक्त रंगासाठी सहसा नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून जातात. झिरो डेप (घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, माफ करणारी विम्यातली जोड) नसेल तर रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा, आणि बिल एकत्र असेल तर साहित्य एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरतात. पण मोठा फटका नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा. समजा तुमचा बोनस ५० टक्क्यांवर आहे आणि बोनस वजा होण्याआधीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता ८००० रुपये आहे. क्लेम केला की पुढच्या वर्षी ४००० रुपयांची सवलत गेली, आणि पुन्हा ५० टक्क्यांवर यायला पाच वर्षं. बंपर रंगवायला तेवढेच लागत असतील तर हिशेब उघड आहे. बंपर फुटून दिवाही गेला असेल तर मात्र क्लेम करा.

प्रश्न : बंपरला बोटभर चीर पडली आहे. फेव्हिक्विकने जोडून वर रंग दिला तर? (हिंगोली)

फेव्हिक्विक पीपीला धरत नाही, दोन दिवसांत सुटेल. प्लॅस्टिक वेल्डिंगवाला तापलेल्या पिना आतून बसवून चीर जोडतो, वरून त्याच प्लॅस्टिकची पट्टी वितळवतो. हे आधी, रंग नंतर. चीर वाढू नये म्हणून तोवर तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून ठेवा.