पोराच्या शाळेचं काय?

प्रश्न: ह्यांची बदली पुण्याहून अमेरिकेत इंडियानातल्या कोलंबसला झालीये, एल-१ व्हिसावर (कंपनीच्या बदलीचा व्हिसा). मुलगा नुकताच दहावी झालाय. तिथल्या सरकारी शाळेत फी किती, आणि ॲडमिशन मिळेल का?

उत्तर: ताई, कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं गाव ना, मग मराठी माणसं भेटतीलच. फी नाही, एल-२ वाल्या (म्हणजे एल-१ वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांनाही नाही, आणि २०२३ पासून इंडियानात पुस्तकांचे पैसेही घेत नाहीत. डोनेशन वगैरे विसरा. फक्त घर कुठे घेताय त्यावर शाळा ठरते, म्हणून आधी भाडेकरार मग ॲडमिशन. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, पण दहावी झाली म्हणून थेट अकरावीत घालतीलच असं नाही, शाळेचा काउन्सेलर (सल्लागार) मार्कशीट बघून क्रेडिट, म्हणजे आधी शिकलेल्या विषयांची मोजणी, धरतो, तेव्हा नववीचीसुद्धा मार्कशीट सांभाळून न्या आणि लसीकरणाचं कार्ड तर हवंच हवं (आपल्याकडे ते नेमकं आजीच्या कपाटात असतं).

आणि सरकारी म्हणून नाक मुरडू नका हो, छोट्या गावात डॉक्टरची अन् कामगाराची पोरं एकाच वर्गात असतात. बास्केटबॉलचं तर वेडच, इंडियानातल्याच न्यू कॅसल नावाच्या छोट्या गावात शाळेच्या जिममध्ये आठ हजारांच्या आसपास माणसं बसतात! शाळा ऑगस्टमध्येच सुरू होते, तेव्हा तिकिटं त्या हिशोबाने काढा.