खपली पडली म्हणजे नागीण गेली का?

वाचक विचारतात, डॉक्टरताई सांगतात

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही खानापूर तालुक्यातले. सासूबाई 68 वर्षांच्या, शुगर आहे. भात कापणीच्या गडबडीत उजव्या बाजूला कमरेत आग आग होतंय म्हणत होत्या, आम्हाला वाटलं वाकून वाकून कंबर धरली असेल, तर तिसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेले फोड आले. शेजारच्या आक्का म्हणाल्या ही नागीण हाय, आधी उतरवून घ्या, तोंडाला शेपूट मिळालं की माणूस हाताला लागत न्हाई. मग गावातल्या एकांकडनं दोन दिवस काव लावून आणली आणि फोड आल्याच्या पाचव्या दिवशी बेळगावला दवाखान्यात नेलं. सात दिवसांच्या गोळ्या झाल्या, खपल्याही पडल्या. आता दोन महिने होत आले तरी परकराची नाडी नुसती टेकली तरी कळवळतात. रक्त तपासून नागीण अंगातनं गेली का नाही ते कळतं का? परत गोळ्यांचा कोर्स करावा का? माझं बाळ चार महिन्यांचं आहे, अजून त्यांच्याजवळ दिलेलं नाही, त्या रडतात.

उत्तर: बाळाचं आधी सांगते, आज संध्याकाळीच त्यांच्या मांडीवर द्या. नागिणीचा संसर्ग होतो तो फोडातल्या पाण्यातनं, आणि तोही ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत किंवा लस मिळाली नाही त्याला, आणि त्याला नागीण होत नाही, कांजिण्या होतात. फोड ओले असताना तान्हं बाळ आणि गरोदर बाई लांब ठेवलीत ते बरोबरच केलंत. पण शेवटचा फोड सुकून त्यावर खपली धरली की तो धोका संपतो, म्हणजे तुमच्याकडे तो संपून दीड महिना झाला. नुसतं दुखणं कुणाला लागत नाही हो.

आता रक्ताचं. नागीण बरी झाली का ते सांगणारी रक्ताची तपासणी नाही, उगाच पैसे घालू नका. कारण हा व्हायरस अंगातनं कधी जातच नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तोच व्हायरस मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत झोपून राहतो, पन्नास पन्नास वर्षं. वय झालं, शुगर वाढली, मोठं आजारपण झालं, अंगातली ताकद कमी पडली की एखाद्या गाठीतला जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. म्हणून आधी आग होते आणि फोड दोन-चार दिवसांनी दिसतात. ही आग फसवी असते बरं का, मला स्वतःला डाव्या बरगडीखाली झाली होती तेव्हा दोन दिवस मी ॲसिडिटीची गोळी खात बसले होते, डॉक्टर असून. तिसऱ्या दिवशी आंघोळीला साबण लावताना हाताला बारीक दाणे लागले तेव्हा ट्यूब पेटली.

आणि ते तोंडाला शेपूट मिळण्याचं. आपल्याकडे मराठीत नागीण, शेजारी कन्नडमध्ये सर्पसुत्तु म्हणजे सापाचा विळखा, दोन्ही भाषांनी एकच भीती घातलीय. खरी गंमत अशी की एक नस शरीराच्या एकाच बाजूला पसरते, पोटाच्या आणि पाठीच्या मध्यरेषेला येऊन थांबते, त्यामुळे पट्टा सहसा अर्धाच राहतो, विळखा पुरा होतच नाही. उतरवणाऱ्याला यश का येतं? कारण बहुतेक नागीण दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळते, नाव मात्र कावेचं होतं. मला राग कावेचा नाही, दोन दिवस गेले त्याचा आहे. ॲसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर या गोळ्या फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर चांगलं काम करतात. उशीर झाला तरी नवे फोड येत असतील किंवा पेशंट अशक्त असेल तर डॉक्टर देतातच, तुमच्या डॉक्टरांनी पाचव्या दिवशी दिल्या त्यात चूक काही नाही. शिवाय वाळलेली काव खरवडून काढताना फोड फुटतात, मग त्यात पू होतो, हे मी कितीदा बघितलंय.

परत कोर्स करायची गरज नाही. त्या गोळ्या व्हायरसची वाढ थांबवतात, आता वाढ थांबलेलीच आहे. सासूबाईंना जे होतंय ते भाजलेल्या नसेचं दुखणं आहे. कातडी आणि नस यांची घड्याळं वेगळी चालतात. कातडी महिन्याभरात भरते, नस तिच्या वेगानं भरते, आणि साठीच्या पुढं तर फारच हळू. तीन महिन्यांच्या वर दुखत राहिलं तर त्याला नागिणीनंतरचं नसांचं दुखणं असं वेगळं नाव आहे, पण तोपर्यंत गप्प सोसत बसायचं असं नाही, औषध आत्ताच सुरू करता येतं. साध्या तापाच्या गोळीनं हे दुखणं हलत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलीन यांतली एखादी गोळी कमी डोसनं, बहुतेक रात्रीची सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झोप येते, गरगरतं, तेव्हा रात्री बाथरूमला जाताना लाईट लावा नि धरून न्या. शुगरवाल्यांची किडनी तपासून डोस ठरवावा लागतो म्हणून स्वतःच मेडिकलमधनं आणू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका.

वरनं लावायला लिडोकेनची पट्टी मिळते, कातडी पूर्ण भरल्यावरच लावायची. कॅप्सेसिनचं मलमही असतं, कॅप्सेसिन म्हणजे आपल्या संकेश्वरी मिरचीला तिखट करतं तेच. हे वाचून कुणीतरी मिरची वाटून लावेल म्हणून आधीच सांगते, लावू नका! आणि परकराची नाडी काही दिवस सोडाच, सैल गाऊन घालू द्या, आत जुनं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं गुंडाळा. चुरगळलेल्या कपड्याच्या हलक्या स्पर्शानं जास्त कळ येते, नीट चापून गुंडाळलेला कपडा कितीतरी जणींना सोसतो.

बरं झालं कसं ओळखायचं? नवा फोड येणं थांबलं, सगळ्या खपल्या आपोआप पडल्या, खाली कातडी कोरडी नि भरलेली दिसली की कातडीचं काम संपलं. तिथं काळे-पांढरे डाग काही महिने राहतील, तो आजार नव्हे. नसेचं काम संपलं हे सासूबाईंच्या झोपेवरनं ओळखा. रात्री कळ येऊन उठणं थांबलं, नाडी लागली तरी हात पटकन तिकडं गेला नाही, की झालं. अधूनमधून खाज किंवा मुंग्या राहिल्या तर घाबरू नका. उलट नवे फोड आले, लाली पसरायला लागली, ताप आला तर मात्र परत दाखवा.

प्रश्न: मी निपाणीचा, वय 41. परवा कपाळावर डाव्या बाजूला फोड आलेत, एक नाकाच्या शेंड्यावर पण आहे. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिलीय. दुकान कधी उघडू? वांगं, अंडं बंद करू का? आंघोळ चालते का?

उत्तर: दादा, दुकानाचं नंतर बघू, आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नाकाच्या शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्याची नस पण त्यात असण्याची शक्यता मोठी, डोळा लाल नसला तरी. नजरेवर बेतू शकतं. ट्यूबनं काही होत नाही, गोळ्याच लागतात, ॲसायक्लोव्हिर असेल तर 800 मिलिग्रॅमची दिवसातनं 5 वेळा, 7 दिवस, आणि लोकं इथंच चुकतात, दुपारची एक आणि रात्रीची एक हमखास विसरतात. मोबाईलला अलार्म लावा, पाणी भरपूर प्या. (कानाजवळ फोड येऊन तोंड वाकडं झालं तरी असंच लगेच डॉक्टरांकडे पळायचं, हे बाकीच्या वाचकांसाठी.) वांगं, अंडं सगळं खा, आंघोळ रोज करा, फोड चोळू नका, टॉवेलनं नुसतं टिपा, तो टॉवेल दुसऱ्याला देऊ नका. चेहऱ्यावरचे फोड झाकता येत नाहीत म्हणून सगळ्यांवर खपली येईपर्यंत साधारण 7 ते 10 दिवस दुकान बंदच ठेवा.

प्रश्न: बेळगाव, शहापूर. वय 56, मागच्या वर्षी नागीण होऊन गेली, आता काही त्रास नाही. एकदा झाली की परत होत नाही म्हणतात, मग ती नवीन लस कशाला?

उत्तर: परत होऊ शकते. लस 50 च्या पुढच्यांसाठी आहे, भारतात 2023 पासून मिळते, दोन डोस, मध्ये 2 ते 6 महिने, आणि आधी नागीण झालेल्यांनाही देतात, फक्त अंगावर फोड असताना नाही. दंड दोन दिवस ठणकतो, एखाद्याला कणकण येते. महाग आहे, दोन्ही डोसांचा खर्च आधी विचारून घ्या, आणि दुसरा डोस घेणार असाल तरच पहिला घ्या. शनिवारी घेतलात तर रविवारी आराम मिळेल.