दर्शनी भाग अठराव्या शतकातला दिसतो, मग हे फार्महाउस सोळाव्या शतकातलं कसं?

तुम्ही सुट्टीत इंग्लंडच्या सफोकमधल्या ज्या विटांच्या फार्महाउसवर उतरणार आहात, त्याचा मालक वय फुगवून सांगतोय का, असा तुमचा प्रश्न आहे. तसं असेलच असं नाही. मी इकडे जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं बघतो. समोरच्या भिंतीवर जाऊ नका, घराला वळसा घालून मागे जा.

त्या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही. त्यामुळे लाकडी सांगाडा आणि मधे कुडाच्या भिंती, ही तिथली जुनी रीत. बऱ्याच घरांत वीट आधी आली ती धुराड्यासाठी. पुढे अठराव्या शतकात हातात पैसा खेळायला लागल्यावर शेतकऱ्यांनी पुढच्या बाजूला विटांची भिंत चढवली, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या बसवल्या. मागे सांगाडा तसाच! छपराच्या मधोमध जाडजूड धुराडं आणि मुख्य दार नेमकं त्याच्या रेषेत असेल, तर आतलं घर बहुधा सोळाव्या शतकाच्या अखेरीचं किंवा सतराव्या शतकातलं.

विटाही बोलतात. जुन्या भिंतीत एक अख्खा थर आडव्या विटांचा, म्हणजे लांब बाजू बाहेर, आणि त्यावरचा नुसत्या डोक्यांचा, म्हणजे आखूड बाजू बाहेर. नंतरच्या फ्लेमिश पद्धतीत एकाच थरात एक वीट आडवी, एक डोक्याने. ही नक्षी बहुतेकदा फक्त समोर. बाजूच्या भिंतीत काटकसर. १७८४ मध्ये हजार विटांमागे कर बसला, तेव्हा काहींनी वीटच मोठी पाडायला सुरुवात केली. सरकारने मग मोठ्या विटेवर जास्त कर लावला. १८५० मध्ये तो कर गेला. म्हणून टेप लावून जाडी जरूर मोजा, पण निव्वळ तिच्यावर वय ठरवू नका.

एक गोष्ट मात्र मला बघवत नाही: विटांमधले चुन्याचे सांधे उकरून सिमेंट भरलेलं. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ती विटेत मुरते, आणि हिवाळ्यात गोठली की विटेचे पापुद्रे सुटतात. अशा एका भिंतीत सिमेंटची जाळी शाबूत होती आणि विटा बोटभर आत गेल्या होत्या.

मालकाने पोटमाळ्यावर जाऊ दिलं तर टॉर्च घेऊन जा. लाकडांच्या सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या कोरलेल्या रेघा असतील. कुठलं लाकूड कुठे बसवायचं, याच्या त्या सुतारांच्या खुणा. दिसल्या तर फोटो इथे टाका.