एबीसीवर 88 क्रेडिट जमा आहेत, तर कोल्हापूरहून पुण्यात थेट टी.वाय.ला प्रवेश मिळेल का?

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी: शिवाजी विद्यापीठाच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली, मेजर (मुख्य विषय) केमिस्ट्री, एटीकेटी नाही, एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, त्या ऑनलाइन खात्यावर 88 क्रेडिट दिसतात. वडिलांची पुण्याला बदली झाली आहे आणि आता टी.वाय. तिथे करून पदवी पुणे विद्यापीठाची घ्यायची आहे.

मी कॉलेजात शिकवतो आणि एलिजिबिलिटीच्या फायली बरीच वर्षं माझ्याच टेबलावरून जातात. तुमचे मार्क, तुमचे क्रेडिट यांत काही खोट नाही. अडचण आहे ती तुम्ही निवडलेल्या वर्षाची.

एबीसीचे यूजीसीचे नियम जुलै 2021 मध्ये आले. त्यातली एक अट प्रवेशाच्या गडबडीत कुणी सांगत नाही: पदवी जी संस्था देणार, तिथे किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले हवेत. आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात. सत्राला 22 धरले तर 132. त्यातले 88 तुम्ही कोल्हापुरातून आणणार, म्हणजे पुण्यात मिळवायला उरतात 44. निम्मे व्हायला 66 लागतात. हाच हिशोब चार वर्षांच्या ऑनर्सला लावून बघा. एकूण 176, तिकडचे 88, इकडचे 88. काठावर का होईना, बसतं. एफ.वाय. संपवून एस.वाय.ला आला असतात तर हा प्रश्नच उद्भवला नसता. पण बदलीची ऑर्डर सत्र बघून निघत नाही, त्याला कोण काय करणार.

एबीसी येण्याआधीही मुलं विद्यापीठ बदलत होतीच. तेव्हा समकक्षता तपासून प्रवेश द्यायचे आणि त्याचे प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे नियम असत. म्हणून एलिजिबिलिटी विभागाला जो अर्ज कराल, त्यात ‘माझे क्रेडिट ट्रान्सफर होतील का’ असं मोघम लिहू नका. ‘दोन वर्षांचे 88 क्रेडिट धरून टी.वाय.ला प्रवेश दिल्यास तीन वर्षांची पदवी मिळेल का, की चौथं वर्ष करावं लागेल’ असं स्पष्ट विचारा, आणि उत्तर लेखी मागा. खिडकीवरचा माणूस ‘एबीसी आयडी आहे ना, मग झालं’ म्हणेल. त्याच्या म्हणण्यावर वर्ष पणाला लावू नका.

आता दुसरी गोष्ट, आणि फायली सर्वात जास्त इथे अडकतात. 88 हा आकडा एकगठ्ठा कुणी बघत नाही. राज्य सरकारच्या 2023 च्या आराखड्यात क्रेडिटचे कप्पे पाडले आहेत: मेजर, मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवर्धन), भाषेचा एईसी, व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली), सीसी (सहअभ्यासक्रम), शिवाय ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट वगैरे. कप्पे सगळीकडे तेच, पण कुठल्या सत्रात काय आणि किती ते विद्यापीठागणिक, स्वायत्त कॉलेज असेल तर कॉलेजागणिक बदलतं. मेजरची फारशी चिंता नसते. केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम इकडून तिकडे असून असून किती वेगळा असणार? घोळ मायनरचा होतो. तुम्ही तिकडे मायनर म्हणून जो विषय घेतलात तो नव्या कॉलेजात शिकवतच नसतील, तर ते क्रेडिट बसवायचे कुठे? आधी हे बघा, मग कॉलेज निवडा. नावाजलेलं पण तुमचा मायनर नसलेलं कॉलेज सध्या तुमच्या कामाचं नाही.

एखाद-दुसरा पेपर कमी पडला तर स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स करून भरून काढता येतो. यूजीसीच्या नियमाने एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंतचे कोर्स तिथून करता येतात. मात्र कुठला कोर्स चालेल ते विद्यापीठ ठरवतं, त्यामुळे नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांची सही घ्या.

कागद असे लागतील: चारही सत्रांच्या मार्कशीट, जुन्या कॉलेजची टीसी, शिवाजी विद्यापीठाचं मायग्रेशन, आणि प्रत्येक पेपरचा सिलॅबस, जुन्या कॉलेजच्या सही-शिक्क्यासह. सिलॅबस मुलं विसरतात आणि मग फाईल अभ्यास मंडळाकडे जाऊन पडून राहते. तुम्ही स्वतःच एक तक्ता करा, डावीकडे तुमचे पेपर, उजवीकडे त्यांचे. तपासणाऱ्याचं काम हलकं झालं की फाईल हलते, हा माझा अनुभव.

एबीसीवरचं नावही तपासा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी, आणि एखादं स्पेलिंग वेगळं. एवढ्यावरून काही सत्रांचे क्रेडिट चढलेलेच नसतात. ते विद्यार्थ्याला चढवता येत नाहीत, जुन्या विद्यापीठालाच चढवावे लागतात. म्हणून कोल्हापुरात आहात तोवर उरकून घ्या. मुदतीची घाई नाही, क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं खात्यावर राहतात.

माझं मत विचाराल तर, तुम्हाला तीन वर्षांचीच पदवी हवी असेल तर एक वर्ष कोल्हापुरात हॉस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहून टी.वाय. संपवा आणि एम.एस्सी.ला पुण्यात या. तिथे हा क्रेडिटचा हिशोब आडवा येत नाही. ऑनर्स करायचीच असेल तर मात्र आत्ताच पुण्यात येण्यात अर्थ आहे. दोन्हींपैकी काहीही ठरवलंत तरी पुण्याहून लेखी उत्तर हातात पडेपर्यंत टीसी काढू नका. ती एकदा काढलीत की तिकडची जागा गेली, आणि इकडे टी.वाय.ला जागा रिकामी असेलच असं नाही.