बर्निना खिंडीतली रेल्वे दातेरी रुळाशिवाय कशी चढते?

चढ लांब वळणांमध्ये वाटून घेतलाय, म्हणून. स्वित्झर्लंडमधल्या या खिंडीत रस्ता २,३२८ मीटरवर आहे, तर रेल्वे थोडी खालून, २,२५३ मीटरवरून जाते. १९१० साली पूर्ण झालेला हा मीटरगेज मार्ग सुरुवातीपासून विजेवर चालतो. तीव्रतम चढ दर हजार मीटरला ७० मीटर, म्हणजे साधारण १४ ला १. आपल्या माथेरानच्या गाडीचा २० ला १ आहे, त्यावरून कल्पना करा!

मला भावतं ते माथ्यावरचं पाणी. शेजारशेजारच्या दोन तळ्यांपैकी लागो बियांकोचं पाणी एड्रियाटिक समुद्राकडे, तर लेज नैरचं डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राकडे जातं. जमलं तर खिडकीजवळची जागा घ्या.